स्वयंअर्थसहाय्यित शाळेचे मुख्याध्यापकपद स्वीकारताना

वर्गात पंधरा-वीस वर्षे काढलेल्या शिक्षकाला सरकारी अनुदान न घेता स्वतःच्या पैशांवर शाळा चालवणाऱ्या एखाद्या संस्थेकडून मुख्याध्यापकपदासाठी विचारणा झाली, की त्याचे लक्ष साहजिकच पगाराच्या आकड्याकडे जाते. माझ्या मते त्याने आधी त्या शाळेचा सेवाज्येष्ठतेचा तक्ता, म्हणजे शिक्षकांची ज्येष्ठतेनुसार लावलेली यादी, मागून घ्यावा. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा महाराष्ट्राचा १९७७ चा कायदा विनाअनुदानित शाळांनाही लागू आहे आणि त्याखालच्या १९८१ च्या नियमावलीनुसार मुख्याध्यापकाचे पद अर्हता असलेल्या व समाधानकारक सेवा केलेल्या ज्येष्ठतम शिक्षकाकडे जायला हवे. प्रत्यक्षात अनेक संस्था बाहेरचा उमेदवार आणतात. अशा वेळी डावलला गेलेला शिक्षक तीस दिवसांच्या आत शाळा न्यायाधिकरणाकडे दाद मागू शकतो आणि नव्या मुख्याध्यापकाचे पहिले वर्ष तारखांच्या फेऱ्यांत जाऊ शकते. अल्पसंख्याक संस्थांना मुख्याध्यापक नेमण्याची मोकळीक याच कायद्याने दिलेली आहे. इतरत्र मात्र ज्येष्ठ शिक्षकाने पद नाकारले असेल, तर त्याचा तो नकार लेखी आहे ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.

माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकासाठी नियमावलीने ठरवलेली अर्हता फार जड नाही. पदवी, बी.एड. आणि पदवीनंतर माध्यमिक शाळेतील पूर्णवेळ अध्यापनाचा पाच वर्षांचा अनुभव तिला पुरतो. त्या पाचपैकी किमान दोन वर्षे बी.एड.नंतरची असावी लागतात. सीबीएसईसारख्या केंद्रीय मंडळांच्या संलग्नता नियमांत याहून अधिक अपेक्षा असू शकते, म्हणून ते वेगळे तपासावेत. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका अनेक शिक्षक नोकरी सांभाळून करतात. तिचा उपयोग मुलाखतीपेक्षा नंतर अधिक होतो, कारण सेवापुस्तक (कर्मचाऱ्याच्या नोकरीची नोंदवही), जनरल रजिस्टर (विद्यार्थ्यांच्या प्रवेशांची नोंदवही) आणि लेखापरीक्षण या गोष्टी वर्गावरच्या शिक्षकाला कोणी शिकवलेल्या नसतात. पदविका जमली नाही, तरी आपल्याच शाळेतील मुख्य लिपिकाजवळ एक उन्हाळी सुट्टी बसावे. तितके शिक्षण दुसरीकडे क्वचितच मिळते.

वाटाघाटीत पगाराइतकाच वेळ अधिकारांना द्यावा. शिक्षकांच्या निवडीत आपले मत निर्णायक असेल की केवळ ऐकून घेतले जाईल, किती रकमेपर्यंतचा खर्च आपल्या सहीने करता येईल, संस्थेचे पदाधिकारी शिक्षकांना थेट सूचना देतील की आपल्यामार्फत, या तीन प्रश्नांची उत्तरे नेमणूकपत्रात किंवा निदान पत्रव्यवहारात उतरवून घ्यावीत. ‘आपण सगळे एका कुटुंबातले आहोत, लिहायचे कशाला?’ असे उत्तर आले, तर तेच सावध होण्याचे कारण समजावे. नियमावलीप्रमाणे मुख्याध्यापक हा शाळा समितीचा पदसिद्ध सचिव असतो. पुष्कळ ठिकाणी ही समिती कागदावरच असते. ती नियमित भरवणे आणि इतिवृत्त स्वतः लिहिणे हा मुख्याध्यापकाच्या हातातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे.

खरी कसोटी शुल्कनिश्चितीच्या वेळी लागते. शुल्क विनियमनाच्या महाराष्ट्राच्या २०११ च्या कायद्याप्रमाणे व्यवस्थापनाने शुल्कवाढीचा प्रस्ताव शैक्षणिक वर्ष सुरू होण्याच्या किमान सहा महिने आधी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवायचा असतो आणि त्या समितीचा अध्यक्ष मुख्याध्यापकच असतो. म्हणजे ज्याचा पगार संस्था देते, त्यानेच संस्थेच्या प्रस्तावावर पालकांची सभा चालवायची. या अवघडलेपणातून मार्ग एकच दिसतो. जूनमधील शुल्काची तयारी आदल्या दिवाळीपूर्वी सुरू करावी, पगार, भाडे, वीज, दुरुस्ती यांचे खरे आकडे संस्थेकडून मिळवावेत, आणि जो आकडा आपल्याला स्वतःला समजावून सांगता येत नाही, तो सभेत मांडायला नम्रपणे नकार द्यावा. एकदा ठरलेले शुल्क दोन शैक्षणिक वर्षे बदलता येत नाही, त्यामुळे घाईत मान्य केलेली चूक दोन वर्षे निस्तरावी लागते. पालक वाढीपेक्षा लपवाछपवीवर अधिक चिडतात, असा माझा अनुभव आहे.

शिक्षण हक्क कायद्याने दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी राखलेल्या पंचवीस टक्के जागांचे प्रवेश आणि वाहतुकीची जबाबदारी यांकडे कारकुनी काम म्हणून पाहू नये. २०११ च्या स्कूल बस नियमांनी शालेय परिवहन समितीचे अध्यक्षपदही मुख्याध्यापकाकडेच दिलेले आहे. बसमध्ये काही घडले, तर पहिला प्रश्न त्यालाच विचारला जातो. पंचवीस टक्क्यांतून आलेल्या मुलाला सहलीच्या किंवा स्नेहसंमेलनाच्या वर्गणीमुळे मागे राहावे लागत नाही ना, हे पाहण्याचे काम कोणत्याही पोर्टलवर भरायचे नसते, म्हणूनच ते राहून जाते.

पद मिळाल्यावर निदान एका वर्गाचा एक विषय स्वतःकडे ठेवावा. आठवड्याला चार तासिका जरी घेतल्या, तरी कोणते पाठ्यपुस्तक मुलांना झेपत नाही आणि कोणता शिक्षक थकला आहे, हे शिक्षकखोलीतील चर्चेआधी कळते. पहिल्या सत्रात वेळापत्रक, गणवेश, प्रार्थना यांपैकी काहीही बदलू नये; पाहावे, टिपून ठेवावे.

आता मोबदल्याविषयी. पैशाच्या हिशेबात हे पद बेभरवशाचे आहे. मोठ्या शहरांतील काही शाळा भरघोस वेतन देतात, तर लहान गावांतील अनेक शाळांत मुख्याध्यापकाचा पगार अनुदानित शाळेतील सहशिक्षकाहून कमी असतो. भविष्यनिर्वाह निधी, उपदान (ग्रॅच्युइटी) आणि वैद्यकीय विमा यांची विचारणा करण्यात संकोच बाळगू नये. ध्येयवादी माणसांनाही हा विषय चुकलेला नाही. १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू करणाऱ्या मंडळींमध्ये पुढे आजीव सभासदांच्या, म्हणजे संस्थेला वाहून घेतलेल्या शिक्षकांच्या, वेतनावरून आणि बाहेरच्या कमाईवरून वाद वाढत गेले आणि १८९० मध्ये टिळक याच मंडळींनी काढलेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले.

पैशापलीकडे जे मिळते, ते मुख्यतः स्वातंत्र्य आहे. लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू केले. मुलांना अनुभवातून आणि आनंदाने शिकवण्याचा विचार त्यांनी तेथे रोजच्या वर्गात उतरवला, आणि ती शाळा पाहायला शिक्षक दूरदूरहून येऊ लागले. प्रत्येकाला नवी शाळा काढता येणार नाही. तरीही चालत्या शाळेत तिसरीचा गृहपाठ बंद करून पाहणे, इतिहासाचा तास गावच्या वेशीवरील वीरगळापाशी, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मृतिशिळेपाशी, घेणे, चाचणीच्या गुणांऐवजी पालकांना मुलाची वही दाखवणे, एवढे निर्णय एका बैठकीत घेता येतात आणि त्यांचे परिणाम त्याच वर्षी दिसतात. नवख्या शिक्षिकेच्या तासाला मागच्या बाकावर बसून, तास संपल्यावर तिच्याशी दहा मिनिटे बोलावे, आणि असे सलग दोन वर्षे करावे. तिसऱ्या वर्षी तीच शिक्षिका दुसऱ्या कोणाच्या तरी तासाला मागच्या बाकावर बसलेली दिसते.