जुन्या रॉक बँडची अख्खी कारकीर्द कशी ऐकायची

क्लासिक रॉक नव्याने ऐकायला लागलेले बरेच जण थेट ग्रेटेस्ट हिट्सची प्लेलिस्ट लावतात, वर शफल चालू, आणि थोड्या दिवसांनी म्हणतात की छान आहे पण सगळं सारखंच वाटतं. वाटणारच ना, १९६८ चं गाणं आणि १९८३ चं गाणं शेजारी शेजारी आलं की मधल्या पंधरा वर्षांत त्या माणसांचं काय झालं ते कळणार कसं. मला तर या बँड्समधलं सगळ्यात भारी तेच वाटतं, की कोणीतरी गेलं, कोणीतरी आलं, आणि तरी बँड उभा राहिला किंवा नाही राहिला. म्हणून एकच पद्धत सांगतो, माणूस बदलला त्या सांध्याच्या अलीकडचा अल्बम आणि पलीकडचा अल्बम लागोपाठ ऐकायचा.

आधी एकच बँड निवडा. विकिपीडियावर बहुतेक मोठ्या बँडच्या मेंबर्सचा रंगीत पट्ट्यांचा चार्ट असतो, तो उघडा, कुठली पट्टी कुठे तुटते आणि नवी कुठे सुरू होते ती वर्षं कागदावर उतरवून घ्या. आणि प्लीज हेडफोन लावा, फोनच्या स्पीकरवर बेस ऐकूच येत नाही, आणि पुढे सगळा खेळ बेस आणि ड्रम्सचाच आहे.

सुरुवातीला सोपा सांधा घ्या, एसी/डीसीचा. 'हायवे टू हेल' १९७९ च्या जुलैत आला, फेब्रुवारी १९८० मध्ये गायक बॉन स्कॉट वारला, आणि त्याच वर्षी जुलैत ब्रायन जॉन्सनला घेऊन 'बॅक इन ब्लॅक' बाहेर. पाच महिने फक्त! दोन्ही अल्बमचा प्रोड्युसर एकच, मट लँग, आणि वाजवणारेही तेच, बदलला तो फक्त आवाज, त्यामुळे तुलना करायला याच्याइतकी स्वच्छ जोडी मिळणं अवघड. पहिल्यांदा गायकाकडे लक्षच देऊ नका, माल्कम यंगची रिदम गिटार (मागे ताल धरणारी) आणि फिल रडचे ड्रम्स धरून ठेवा. दोन्ही अल्बममध्ये ते जागचे हलत नाहीत. गायक गेल्यावर बँड का वाचला हे तिथे कानाला कळतं, मग दुसऱ्यांदा ऐकताना आवाजाकडे जा.

पुढचा सांधा अवघड आणि माझा सगळ्यात लाडका, फ्लीटवुड मॅक. १९६७ मध्ये लंडनमध्ये सुरू झालेला हा पक्का ब्लूज बँड, गिटारवर पीटर ग्रीन. १९६९ चा 'देन प्ले ऑन' ऐका. १९७० मध्ये ग्रीन बँड सोडून गेला, मग चार-पाच वर्षं गिटारिस्ट येताहेत जाताहेत, आणि १९७४ संपता संपता गिटारिस्ट-गायक लिंडसी बकिंगहॅम आणि गायिका स्टीव्ही निक्स आले. आता १९७५ चा 'फ्लीटवुड मॅक' नावाचाच अल्बम लावा, बँड ओळखू येणार नाही, कॅलिफोर्नियाचा पॉप वाटेल. पण थांबा, खाली कोण वाजवतंय ते ऐका, मिक फ्लीटवुडचे ड्रम्स आणि जॉन मॅक्वीचा बेस, बँडच्या नावातली हीच दोन माणसं, आणि दोन्ही अल्बममध्ये हीच दोघं. मग 'रूमर्स' ऐका, १९७७ चा, तो करताना बँडमधली दोन्ही जोडपी (बकिंगहॅम-निक्स, आणि जॉन मॅक्वी व कीबोर्डवरची क्रिस्टीन मॅक्वी) तुटत होती आणि तीच माणसं रोज स्टुडिओत एकमेकांबद्दलची गाणी एकमेकांसोबत वाजवत होती, मला अजूनही ते ऐकताना गलबलून येतं. इथे घाई करू नका, एक आठवडा द्या या तीन अल्बमना.

काही सांधे लगेच भरून येत नाहीत. पिंक फ्लॉइडमधून सिड बॅरेट, त्यांचा गायक-गिटारिस्ट आणि मुख्य गीतकार, १९६८ मध्ये बाहेर पडला आणि 'द डार्क साइड ऑफ द मून' आला १९७३ ला, मधली पाच वर्षं ते चाचपडत होते. म्हणून १९६७ च्या पहिल्या अल्बमवरून थेट १९७३ वर उडी मारू नका, मध्ये १९७१ चा 'मेडल' घ्याच. अजून एक, 'डार्क साइड' रिलीज व्हायच्या आधी वर्षभर ते तो स्टेजवर वाजवत होते, आधी लोकांसमोर घासून घेतला आणि मग रेकॉर्ड केला.

लाइव्ह अल्बमसुद्धा सोडू नका. डीप पर्पलचा 'मशीन हेड' आणि 'मेड इन जपान' दोन्ही १९७२ चे, माणसं तीच, स्टुडिओतलं गाणं आणि लगेच तेच गाणं लाइव्ह असं ऐकलं की ब्लॅकमोरची गिटार आणि जॉन लॉर्डचा ऑर्गन एकमेकांना कसे डिवचतात ते कळतं.

गाणं कोणी लिहिलं तेही प्रत्येक वेळी बघा, कारण पैसा लिहिणाऱ्याच्या नावाने येतो आणि भांडणं तिथूनच सुरू होतात. क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हलची जवळपास सगळी गाणी जॉन फोगर्टीची, १९६९ या एका वर्षात तीन अल्बम, आणि १९७२ ला बँड संपला. क्वीनमध्ये चौघांनी वेगवेगळी हिट गाणी लिहिली आणि १९८९ च्या 'द मिरॅकल'मध्ये तर सगळ्या गाण्यांवर नाव फक्त क्वीन. टिकायला श्रेय वाटून घेणं एवढंच पुरतं असं नाही, पण गाणी लिहिणाऱ्यांची नावं चाळत गेलात की हे पुन्हा पुन्हा दिसेल.

आणि जे थांबले त्यांनाही तितकाच वेळ द्या. लेड झेपेलिनचा ड्रमर जॉन बोनम १९८० च्या सप्टेंबरमध्ये वारला आणि डिसेंबरमध्ये बाकीच्यांनी बँड बंद केला. १९६९ चा पहिला अल्बम फक्त ड्रम्ससाठी ऐकून बघा, दुसरा माणूस का नाही आणला हे विचारावंसं वाटणार नाही.

शेवटी रोलिंग स्टोन्स, १९६२ पासूनचा बँड म्हणून यांना मी मुद्दाम मागे ठेवतो, एवढं ऐकून कान तयार झालेले असतात. २०२३ चा 'हॅकनी डायमंड्स' घ्या. ड्रमर चार्ली वॉट्स २०२१ मध्ये वारला, तरी यातल्या दोन गाण्यांवर त्याचेच ड्रम्स आहेत, बाकी ठिकाणी बहुतेक स्टीव्ह जॉर्डन. क्रेडिट्स (कोणी काय वाजवलं ती नावं) न बघता सगळा अल्बम ऐका, ती दोन गाणी कुठली ते ओळखून लिहून ठेवा आणि मगच क्रेडिट्स उघडा.