आई-बाबा युरोपात आलेत? मग त्यांना जुनी शहरं अशी दाखवा

घरचं माणूस भेटायला येतंय म्हटलं की आपण लगेच यादी करायला बसतो, रोम दोन दिवस, फ्लोरेन्स एक, व्हेनिस एक, जमलं तर व्हिएन्ना पण, आणि मग तिसऱ्या दिवशी आई हॉटेलच्या पलंगावर पाय चोळत म्हणते, "तुम्ही जाऊन या, मी बसते इथेच." माझं मत सरळ आहे, शहरं कमी करा आणि दिवसाला तिकिटाची एकच मोठी जागा ठेवा, तीही सकाळी. उरलेला दिवस ट्राम, बाक आणि सावली बघून ठरवायचा.

आधी कागदपत्रं पटकन. शेंगेन व्हिसावर (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा) कुठल्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं आणि ट्रॅव्हल इन्शुरन्सचं कव्हर कमीत कमी 30,000 युरोचं लागतं. प्राग-बुडापेस्ट करणार असाल तर तिथे युरो नाही, कोरुना आणि फोरिंट. कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं, फक्त एटीएम "तुमच्या चलनात रक्कम कापू का" असं विचारतं तेव्हा नको म्हणायचं, तो रेट नेहमी महागात पडतो.

मग सुट्टीचे वार बघा, कारण दारापर्यंत जाऊन परत फिरण्यासारखा वैताग नाही. पॅरिसचं लूव्र म्युझियम मंगळवारी बंद, तिथलंच ओर्से आणि फ्लोरेन्सचं उफीझी ही म्युझियमं सोमवारी बंद. व्हॅटिकन म्युझियम रविवारी बंद असतं, महिन्याचा शेवटचा रविवार सोडून, आणि त्या दिवशी प्रवेश फुकट असल्यामुळे रांग अशी असते की वयस्कर माणसाला घेऊन अजिबात जाऊ नका. अॅमस्टरडॅमच्या अॅन फ्रँक हाऊसची तिकिटं फक्त ऑनलाइन मिळतात, दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरची खुली होतात. स्पेनमधल्या ग्रानाडाच्या अलहम्ब्रा राजवाड्याला जाताना पासपोर्ट जवळ हवाच.

आता खरा मुद्दा, पायऱ्या. फ्लोरेन्सच्या ड्युओमोच्या, म्हणजे तिथल्या मुख्य चर्चच्या, घुमटावर जायला 463 पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही, आत वाट इतकी अरुंद की मध्येच दम लागला तर मागे फिरणंही कठीण. आणि एवढं चढून वर गेलात तर 1436 साली पूर्ण झालेला तो घुमटच काय तो दिसत नाही, कारण तुम्ही त्याच्यावरच उभे असता! त्यापेक्षा संध्याकाळी बसने पियाझाले मिकेलांजेलो या उंचावरच्या चौकात जा, अख्खं शहर घुमटासकट समोर. व्हिएन्नाच्या श्टेफान्सडोम चर्चच्या दक्षिण मनोऱ्याला 343 पायऱ्या आहेत पण उत्तर मनोऱ्याला लिफ्ट आहे, हे आधी माहीत असेल तर भांडण वाचतं. नुसतं "लिफ्ट आहे" वाचून मात्र खूश होऊ नका, रोमच्या सेंट पीटर्स चर्चच्या घुमटावर एकूण 551 पायऱ्या आणि लिफ्ट घेतली तरी 320 उरतातच.

ट्राम हा सगळ्यात स्वस्त गाईड. बुडापेस्टची 2 नंबर ट्राम डॅन्यूबच्या काठाकाठाने पार्लमेंटजवळून जाते, बसल्या बसल्या निम्मं शहर होतं. तिथली एम1 मेट्रो 1896 ची आहे, दोन-चार स्टेशनं तरी त्यातून फिरवा. व्हेनिसमध्ये 1 नंबरची वापोरेट्टो, म्हणजे पाण्यावरची बस, पकडा, ती ग्रँड कॅनॉलवर जवळजवळ प्रत्येक थांब्याला थांबत हळूहळू जाते आणि आपल्याला तेच हवं असतं. प्रागमध्ये किल्ल्यावर 22 नंबर ट्रामने जायचं आणि येताना पायी उतरायचं, पण ज्यांचे गुडघे उतरताना दुखतात त्यांना परतही ट्रामनेच आणा, बळजबरी नको.

प्रागचं 1410 चं घड्याळ दाखवणार असाल तर काय बघायचं ते आधीच सांगून ठेवा, नाहीतर "झालं पण?" असं होतं. दर तासाला, सकाळी 9 ते रात्री 11, तबकडीच्या उजवीकडचा सांगाड्याचा पुतळा घंटा वाजवतो, वरच्या दोन खिडक्यांतून येशूच्या प्रेषितांचे पुतळे एकेक करून जातात, शेवटी सोनेरी कोंबडा आरवतो आणि खेळ खलास. पाच मिनिटं आधी पोचा, आणि पर्स पोटाशी, कारण सगळे वर बघत असतात तेव्हा खिसेकापू खाली बघत असतो. मला विचाराल तर पोलंडमधल्या क्राकोव्हचा तुतारीवाला त्याहून भारी, सेंट मेरीज चर्चच्या उंच मनोऱ्यावरून दर तासाला चार दिशांना वाजवतो आणि धून मध्येच तुटते. आख्यायिका अशी की शत्रू आल्याचा इशारा देणाऱ्या पहारेकऱ्याच्या गळ्यात बाण घुसला तिथेच ती थांबली. खालून हात केला तर बऱ्याचदा तोही वरून हात करतो, मग आईचा चेहरा बघा.

चर्चमध्ये, खासकरून इटलीत, खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, एक ओढणी बॅगेत टाकली की काम झालं. टॉयलेटला बऱ्याच ठिकाणी पैसे पडतात, सुटी नाणी ठेवा आणि म्युझियममधून निघताना "नाही आली तरी जाऊन या" हा नियमच करा. रोममध्ये पाण्याची बाटली विकत घेऊ नका, रस्त्यावर नासोने नावाचे लोखंडी नळ चोवीस तास वाहत असतात. त्यांची तोटी खालून बोटाने दाबली की वरच्या भोकातून कारंजं उडतं, वाकायला नको, सरळ तोंड लावा. तिथल्याच स्पॅनिश स्टेप्स या प्रसिद्ध पायऱ्यांवर मात्र बसू देऊ नका, 2019 पासून दंड आहे. कॅफेत बसून कॉफी घेतली तर काउंटरवर उभं राहून घेण्यापेक्षा महाग पडते, पण बाबांचे पाय दुखत असतील तर ते पैसे कॉफीचे नाही, खुर्चीचे समजा आणि गप द्या.

अजून एक, पॅरिसला साक्रे-कर चर्चजवळ लोक मनगटाला दोरा बांधायला येतात आणि मग पैसे मागतात. आपली मोठी माणसं भिडेखातर हात पुढे करतात, म्हणून हात खिशात ठेवून चालत राहायचं हे जायच्या आधीच सांगा. घरचा किंवा हॉटेलचा पत्ता, तुमचा फोन नंबर आणि 112 हा इमर्जन्सी नंबर एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून खिशात द्या, मोबाईलची बॅटरी संपते, कागदाची नाही.