ट्रकच्या एलईडी मार्कर लाईट : या चुका टाळा

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीच्या परिसरात मी ट्रकचे वायरिंग करतो. गळीत हंगाम तोंडावर आला की उसाच्या गाड्या रंगवून, सजवून रस्त्यावर येतात आणि त्यांच्यासोबत मार्करच्या, म्हणजे अंधारात गाडीच्या कडा दाखवणाऱ्या छोट्या दिव्यांच्या, त्याच तक्रारी दरवर्षी माझ्याकडे येतात. 'दिवे टिकत नाहीत' असे मालक सांगतात. प्रत्यक्षात बहुतेक वेळा दिवा चांगला असतो आणि दोष जोडणीत सापडतो.

त्यातली मला सर्वांत अधिक खटकणारी चूक म्हणजे रंगावरच अर्थिंग, म्हणजे दिव्याची निगेटिव्ह तार चेसिसला (गाडीच्या लोखंडी सांगाड्याला) जोडणारा बोल्ट, आवळणे. एका पावसाळ्यात गगनबावड्यावरून करूळ घाटाने कोकणात जाणारा ट्रक माझ्याकडे आला. मागचे मार्कर एरवी उजळ पेटत. मात्र ब्रेक दाबला की विझत. मालकांनी तोवर दोनदा दिवे बदलून घेतले होते, पण अर्थिंगचा बोल्ट कोणीही खोलून पाहिला नव्हता. एलईडी मार्करला करंट फारच थोडा लागतो, त्यामुळे अर्धवट अर्थिंगवरही तो नीट दिसतो. त्याच बोल्टवर ब्रेकचे 21 वॅटचे दोन बल्ब असतील, तर 24 व्होल्टवर सुमारे पावणेदोन अँपिअर करंट तेथून जायला हवा. तो अडला की अर्थच्या तारेवरच व्होल्टेज चढते आणि मार्करच्या वाट्याला फारसे काही उरत नाही. याहून गंभीर बाब अशी, की त्याच क्षणी ब्रेकचे दिवेही मंद झालेले असतात. पावसाने आणि धुक्याने भरलेल्या घाटात मागून येणाऱ्या चालकाला ही गाडी थांबते आहे हे कळणार कसे? बोल्ट काढला, तर थिंबलखाली (तारेच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली) ताज्या रंगाचा जाड थर होता.

म्हणून मी चेसिसवरील जागा चकचकीत होईपर्यंत कानशीने घासतो, दातेरी वॉशर घालून थिंबल आवळतो आणि मगच त्यावर ग्रीस लावतो. शिवाय मागच्या दिव्यांपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत स्वतंत्र तार ओढतो. हा खर्च अनेकांना वायफळ वाटतो. मला तो कधीही वाटला नाही. काम झाल्यावर सर्व दिवे लावून, ब्रेक दाबून, दिव्याची निगेटिव्ह तार आणि बॅटरीचे निगेटिव्ह यांच्यामध्ये मीटर लावावा. अर्ध्या व्होल्टहून अधिक फरक दिसला, तर मी गाडी सोडत नाही.

दुसरी चूक खरेदीच्या वेळीच होते. मोठ्या ट्रकमध्ये 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून 24 व्होल्ट मिळवलेले असतात, तर ट्रॅक्टर आणि छोट्या पिकअपमध्ये 12 व्होल्टच असतात. त्यामुळे ट्रॉलीसाठी आणलेले दिवे ट्रकला लावले की जळतात. यावर तोडगा म्हणून दोन दिवे एकामागे एक जोडणारे हौशी कारागीर मी पुष्कळ पाहिले. एक दिवा गेला की दुसराही बंद पडतो, आणि दोघांत व्होल्टेज समान वाटले जाईल याचीही खात्री नसते. इंजिन चालू असताना 24 व्होल्टच्या गाडीत 28 व्होल्टच्या आसपास दाब असतो, म्हणून 10 ते 30 व्होल्ट असे स्पष्ट छापलेलाच दिवा घ्यावा.

तारा पिळून वर टेप गुंडाळणे ही घाईची खूण आहे. पावसात टेप सुटते, तांबे हिरवे पडते आणि दिवा लुकलुकू लागतो. तारा धातूच्या नळीत दाबून (क्रिंप करून), वर आतून गोंद असलेली, उष्णतेने आवळणारी श्रिंक ट्यूब तापवून बसवायला पाच मिनिटे पुरतात. दिव्यात शिरण्यापूर्वी तारेला खाली झोल ठेवावा, म्हणजे पाणी तेथूनच ठिबकून जाते.

आयपी67 ही पाणी रोखण्याची श्रेणी लिहिली आहे म्हणून वॉशिंग सेंटरच्या प्रेशर गनचा फवारा दिव्यावर जवळून मारू नये; ती श्रेणी एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडण्यापुरती आहे. उसाच्या शेतातून आलेल्या गाडीच्या दिव्यांच्या काचेवरील चिखल ओल्या फडक्याने पुसावा. पुढे पांढरा, बाजूला पिवळा आणि मागे लाल हा क्रम शोभेसाठी बदलू नये. पुढच्या बाजूस लाल दिवा नियमाने वर्ज्य आहे. फ्यूजच्या जागी तार घालणाऱ्याला गाडीला हात लावू देऊ नये.

हौद्याला वेल्डिंग करण्याआधी मात्र दोन्ही बॅटऱ्यांच्या तारा न चुकता काढाव्यात. मार्कर एकाच दुपारी ओळीने गेले आहेत असे कोणी सांगितले, की मी आधी वेल्डिंग केव्हा झाले ते विचारतो.