आयएलआरच्या अर्जासाठी ब्रिटनबाहेरच्या दिवसांचा हिशेब कसा ठेवावा

स्किल्ड वर्कर व्हिसावर ब्रिटनमध्ये काम करणाऱ्यांना कायम वास्तव्याचा परवाना, म्हणजे आयएलआर, मागताना सलग वास्तव्य दाखवावे लागते. कोणत्याही 12 महिन्यांत 180 पेक्षा अधिक दिवस देशाबाहेर गेले, तर ही सलगता तुटते. 11 जानेवारी 2018 पासून मिळालेल्या व्हिसांसाठी हे 12 महिने सरकते असतात, म्हणजे कोणत्याही तारखेपासून मोजता येतात; बहुतेकांची गफलत होते ती येथेच.

समजा, एखादी व्यक्ती गणपतीसाठी 1 सप्टेंबर 2023 रोजी लंडनहून निघाली, पुण्यातून घरूनच काम करत राहिली आणि 10 जानेवारी 2024 रोजी परतली. निघण्याचा व पोहोचण्याचा दिवस धरत नाहीत, त्यामुळे हे 130 दिवस झाले. पुढे घरच्या लग्नासाठी ती 1 मे ते 1 जुलै 2024 या काळात पुन्हा भारतात राहिली, त्याचे 60 दिवस. कॅलेंडर वर्षानुसार पाहिले तर 2023 मध्ये 121 आणि 2024 मध्ये 69 दिवस होतात, म्हणून सारे निर्धोक वाटते. प्रत्यक्षात सरकत्या 12 महिन्यांत 190 दिवस झालेले असतात.

म्हणून प्रत्येक प्रवासाच्या दोन्ही तारखा आणि कारण त्याच दिवशी एका तक्त्यात नोंदवावे, तिकिटे व बोर्डिंग पास जपून ठेवावेत, आणि नवे तिकीट काढण्यापूर्वी परतीच्या तारखेपासून मागे 12 महिने मोजून पाहावेत. कंपनीने कामासाठी पाठवलेले दिवसही या 180 मध्येच धरले जातात, हे अनेकांना उशिरा कळते. व्हिसा मंजूर झाल्यापासून ब्रिटनमध्ये प्रथम पोहोचेपर्यंतचा काळ अर्हताकाळात, म्हणजे आयएलआरसाठी लागणाऱ्या वास्तव्याच्या वर्षांत, धरायचा असेल, तर तो गैरहजेरीतही मोजावा लागतो. जोडीदार डिपेंडंट (अवलंबित) व्हिसावर असेल तर त्याचा किंवा तिचा तक्ता वेगळा ठेवावा, कारण मर्यादा त्यांनाही लागू आहे.

स्वतःचा किंवा जवळच्या नातेवाइकाचा जिवावर बेतलेला आजार, नातेवाइकाचा मृत्यू, नैसर्गिक आपत्ती अशा कारणांनी वाढलेले दिवस वगळण्याची तरतूद आहे. मात्र रुग्णालयाची कागदपत्रे हवीत. आईवडिलांच्या वार्धक्यातील नेहमीच्या सोबतीसाठी या सवलतीवर विसंबून राहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बिनपगारी रजा घेत असाल तर आणखी एक अडचण संभवते: कॅलेंडर वर्षात ती एकूण चार आठवड्यांवर गेली की, प्रसूती रजेसारखे अपवाद सोडल्यास, कंपनीला स्पॉन्सरशिप, म्हणजे व्हिसासाठीचे तिचे पुरस्कर्तेपण, थांबवावी लागते.

अर्हताकाळ आजवर 5 वर्षांचा राहिला आहे, पण मे 2025 च्या श्वेतपत्रिकेत सरकारने तो सर्वसाधारणपणे 10 वर्षांचा करण्याचा प्रस्ताव मांडला. त्यामुळे अर्जाच्या दिवशी लागू असलेला नियम होम ऑफिसच्या (ब्रिटनच्या गृह खात्याच्या) संकेतस्थळावरच पडताळावा आणि जुन्या प्रवासांच्या नोंदी टाकून देऊ नयेत. आयएलआर मिळाल्यावरही सलग 2 वर्षांहून अधिक काळ बाहेर राहिल्यास ते संपुष्टात येते, तर नागरिकत्वासाठी सर्वसाधारण मर्यादा 5 वर्षांत 450 दिवस आणि शेवटच्या 12 महिन्यांत 90 दिवस अशी आहे.