जुन्या गेमची दातखीळ कशी सोडवावी

नौपाड्यातल्या घराच्या माळ्यावरून मामांचा जुना पेंटियम कॉम्प्युटर खाली उतरवला, धूळ झटकली आणि १९९३चा ‘डूम’ लावला. संगीत झकास सुरू झालं. बंदूक चालवली तर पहिल्याच गोळीचा आवाज अडकला आणि ‘ढढढढ’ करत राहिला. आतून आईची हाक, “अरे, काय फुटलं?” साउंड कार्ड, म्हणजे कॉम्प्युटरमधली आवाज काढणारी पट्टी, गेलं असं ठरवून मी दुसरं शोधायला निघालोही होतो. गरज नव्हती.

स्क्रू ड्रायव्हर उचलण्याआधी नीट ऐका. नेमका कुठला आवाज गायब आहे?

काहीच ऐकू येत नसेल तर स्पीकर आधी मोबाइलला जोडून बघा. तो वाजला तर कार्डाच्या मागची भोकं टॉर्च मारून तपासा. जुन्या कार्डांवर रंग नसतात, पत्र्यावर बारीक अक्षरं कोरलेली असतात. माइकच्या भोकात पिन खुपसून मी अर्धा तास घालवलाय. काही कार्डांना मागे आवाजाचं छोटं चक्रही असतं, ते शून्यावर नाही ना बघा.

तरी शांतता असेल तर कॅबिनेट उघडा. आधी प्लग काढा आणि पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. ठाण्याचा चार महिन्यांचा पाऊस आणि खाडीची दमट हवा, यात कार्डाचे सोनेरी दात काळवंडतात. साधा पांढरा खोडरबर त्यांवर हलक्या हाताने फिरवा, चुरा झटका, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि कार्ड स्लॉटमध्ये पुरतं दाबून बसवा. पॉवर सप्लायचा डबा मात्र उघडू नका.

आता माझा आजार: संगीत आहे, पण गोळ्यांचे आवाज नाहीत किंवा अडकतात. साउंड ब्लास्टर या क्रिएटिव्ह कंपनीच्या कार्डांच्या जातीत या दोन वेगळ्या वाटा आहेत. संगीत कार्डावरची एफएम चिप स्वतः तयार करते, तिला पोर्टचा पत्ता, म्हणजे प्रोसेसरने कार्डाला गाठायचा आकडा, पुरतो. गोळ्या, किंकाळ्या हे मात्र रेकॉर्ड केलेले आवाज. ते मेमरीतून डीएमए वाहिनीने, म्हणजे प्रोसेसरला मधे न घेता थेट, कार्डाकडे जातात, आणि एक तुकडा संपला की कार्ड आयआरक्यूवरून, म्हणजे हाक मारायच्या क्रमांकित तारेवरून, प्रोसेसरला ‘पुढचा दे’ असं कळवतं. हा निरोप भलत्याच क्रमांकावर गेला तर पुढचा तुकडा येत नाही आणि कार्ड जुनाच तुकडा घोळवत बसतं. तेच ते ‘ढढढढ’.

कार्डावरचा जंपर, म्हणजे पिनांवरची ती चिमुकली टोपी, आमच्याकडे आयआरक्यू ५ वर होती आणि गेमच्या सेटअपमध्ये ७ भरलेला. तुमचे आकडे कळायला डॉसमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करून चालवायच्या जुन्या सिस्टिममध्ये, ‘सेट’ टाइप करून एंटर दाबा. साउंड ब्लास्टर १६ असेल तर अशी ओळ दिसायला हवी, अर्थात इंग्रजी अक्षरांत:

ब्लास्टर=ए२२० आय५ डी१ एच५ टी६

ए म्हणजे पोर्ट, आय आयआरक्यू, डी आणि एच डीएमए, टी कार्डाचा प्रकार. ओळ नसेल तर ‘सेट’ शब्दासकट ती ऑटोएक्झेक.बॅट या डॉस सुरू होताना आपोआप चालणाऱ्या फाइलमध्ये घाला, पण आकडे तुमच्या कार्डाचे. मग गेमचा सेटअप चालवून तेच भरा. ‘डूम’मध्ये संगीताचं आणि इफेक्टचं कार्ड वेगवेगळं निवडावं लागतं, दोन्हीकडे बघा. ७ हा क्रमांक प्रिंटरच्या पोर्टचाही असतो आणि १० कित्येक जुन्या गेमना चालत नाही, म्हणून मी ५ वरच ठेवतो.

कार्ड प्लग अँड प्ले, म्हणजे आकडे सॉफ्टवेअरने ठरवणारं, असेल तर जंपर शोधू नका. विंडोज ९८ मध्ये आवाज आणि नुसत्या डॉसमध्ये शुकशुकाट, ही त्याची खूण. क्रिएटिव्हच्या अशा कार्डांना डॉस सुरू होतानाच सीटीसीएम हा छोटा प्रोग्राम चालवावा लागतो.

इफेक्ट आहेत पण संगीत नाही, असं १९९६च्या ‘क्वेक’मध्ये झालं तर वाट तिसरीच. त्याचं संगीत सीडीवर ऑडिओ ट्रॅक म्हणून असतं. आयएसओ कॉपीत, म्हणजे सीडीच्या फाइलरूपी नकलेत, ते ट्रॅक येतच नाहीत, त्यामुळे मूळ सीडी हवी. शिवाय सीडी ड्राइव्हपासून साउंड कार्डापर्यंत चार पिनांची बारीक केबल लागते. आमच्या मशीनमध्ये ती ड्राइव्हला होती, पण तिचं दुसरं टोक नुसतंच लोंबत होतं.