नवे झाड महिनाभर वेगळे ठेवा

गेल्या श्रावणात आणलेली जास्वंद मी थेट गॅलरीतल्या कुंड्यांच्या ओळीत ठेवली. पाने तजेलदार होती, कळ्या लगडलेल्या होत्या, संशय यावा असे काहीच नव्हते. तीन आठवड्यांत शेंड्यांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला. तोवर शेजारच्या क्रोटनवरही तो पोचला होता.

हा पिठ्या ढेकूण (मिलीबग), झाडाचा रस शोषणारी कीड. नाशिकच्या द्राक्ष बागायतदारांना त्याची ओळख करून द्यायला नको. जास्वंदीवर वाढणारा गुलाबी पिठ्या ढेकूण द्राक्षवेलीवरही तितकाच पोसतो. त्यामुळे निफाड-दिंडोरीकडे ज्यांचे घर मळ्यातच आहे आणि बाग अंगणाला लागून आहे, त्यांनी शोभेचे झाड आणताना जास्तच जपावे. द्राक्षवेलींच्या ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर ही पीडा आपल्याच हाताने घरी आणू नये.

झाड आणल्यावर किमान चार आठवडे इतरांपासून लांब ठेवा. मुदत एवढी का, तर मादी कापसासारख्या पिशवीत शेकडो अंडी घालते, ती साधारण आठवडाभरात फुटतात आणि पिढी पूर्ण व्हायला जवळपास महिना लागतो. आज स्वच्छ दिसणाऱ्या झाडावर अंडी नसतीलच असे नाही. बारीक पिल्ले वाऱ्यावरही उडतात. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेचा, म्हणून नवी कुंडी घराच्या पूर्वेकडे, शक्यतो वेगळ्याच खिडकीत ठेवा. मुंग्या पिठ्या ढेकणाला सांभाळतात आणि त्याची ने-आणही करतात. कुंडी पाण्याच्या ताटलीत विटेच्या तुकड्यावर ठेवली की मुंग्यांची वाट बंद होते. त्या ताटलीतले पाणी मात्र दर दोन-तीन दिवसांनी बदला, नाहीतर डास होतील.

पहिल्याच दिवशी रोपाची पिशवी हळूच काढून मुळे बघा. पांढरा भुरा, कुजका वास किंवा मऊ काळी मुळे दिसली तर झाड परत करणे चांगले. नंतर दर चार दिवसांनी पानांची खालची बाजू आणि देठांचे सांधे भिंगातून तपासा. पांढऱ्या कागदावर फांदी झटका. चालणारे बारीक ठिपके म्हणजे कोळी (माइट), लांबट आणि चपळ ते फुलकिडे. पाणी घालताना जुन्या झाडांचे आधी उरका, नव्याचे शेवटी, मग हात धुवा. कात्री वेगळीच ठेवा. पहिल्या पंधरवड्यात चार-दोन पाने पिवळी पडून गळली तर घाबरू नका, शेडनेटमधून घरात आल्यावर एवढे होतेच. खत मात्र इतक्यात नको.

थोडे ढेकूण असतील तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने पुसून काढा. मग लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि दोन-चार थेंब साबणाचे द्रावण नीट मिसळून संध्याकाळी फवारा. आधी एका पानावर वापरून बघा, दर सात दिवसांनी तीनदा करा. कीड शेवटची दिसली त्या दिवसापासून चार आठवडे पुन्हा मोजायला घ्या. सगळे झाडच भरले असेल तर ते मातीसकट पिशवीत घट्ट बांधून कचऱ्यात द्या. बांधावर किंवा उकिरड्यावर टाकू नका.