ग्लूबॉलचा शोध कसा घ्यावा: नाशिकच्या भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी

प्रोटॉनसारख्या कणांच्या आतील क्वार्कना बांधून ठेवणारे ग्लुऑन स्वतःही रंगप्रभार (विद्युतप्रभारासारखा, पण प्रबळ बलाचा प्रभार) बाळगतात आणि म्हणून एकमेकांनाही ओढतात. त्यावरून क्वार्कांवाचून केवळ ग्लुऑनांचाच कण, म्हणजे ग्लूबॉल, असला पाहिजे, हे भाकीत १९७०च्या दशकात मांडले गेले. नाशिकमध्ये मोठा कणत्वरक नसला, तरी कॉलेज रोडवरच्या महाविद्यालयांत शिकणाऱ्यांना या शोधाची रीत घरच्या संगणकावर शिकता येते, कारण जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकी प्रयोगशाळेने आपल्या प्रयोगांचा बराच डेटा सर्वांसाठी खुला केला आहे.

सर्नच्या खुल्या डेटाच्या संकेतस्थळावरून तेथील सीएमएस प्रयोगाची २०१० सालची म्युऑन-जोड्यांची (म्युऑन म्हणजे इलेक्ट्रॉनसारखा, पण जड कण) फाइल उतरवून घ्यावी. प्रत्येक जोडीच्या एकूण ऊर्जेच्या वर्गातून एकूण संवेगाचा वर्ग वजा करून वर्गमूळ काढले की जनक कणाचे वस्तुमान मिळते. मात्र संवेगांची बेरीज सदिश पद्धतीनेच करावी. या वस्तुमानांचा आलेख काढल्यावर ३.१ गिगा इलेक्ट्रॉन व्होल्टच्या (कणांचे वस्तुमान मोजण्याचे एकक) आसपास जे/साय कणाचे शिखर दिसते. ते दिसेपर्यंत पुढे जाऊ नये.

जे/साय मुद्दाम निवडला आहे. त्यातले चार्म क्वार्क आणि प्रतिक्वार्क एकमेकांना नष्ट करतात तेव्हा काही वेळा एक फोटॉन आणि दोन ग्लुऑन बाहेर पडतात, आणि ग्लूबॉल जन्मण्यास याहून अनुकूल जागा क्वचितच मिळते. म्हणूनच बीजिंगच्या बीईएस-३ प्रयोगाने सुमारे १,००० कोटी जे/साय घटना जमवल्या आहेत. महासंगणकावरील गणनांनुसार सर्वांत हलका, शून्य स्पिनचा ग्लूबॉल १.५ ते १.७ गिगा इलेक्ट्रॉन व्होल्टच्या दरम्यान असावा.

खरी कसोटी या १.५ ते १.७च्या पट्ट्यात शिखर सापडल्यानंतर लागते. या पट्ट्यात आणि त्याच्या जवळपास एफ-शून्य कुळातील १३७०, १५०० आणि १७१० (हे आकडे म्हणजे मेगा इलेक्ट्रॉन व्होल्टमधील अंदाजे वस्तुमाने) हे तीन कण आहेत, तर साध्या क्वार्क-प्रतिक्वार्क जोड्यांच्या हिशेबात येथे दोनच बसतात. एक कण जास्त आहे. पण स्पिन (कणाचा अंगभूत कोनीय संवेग) आणि पॅरिटी (आरशातील प्रतिमेत चिन्ह बदलते की नाही हे सांगणारा गुण) सारखीच असल्याने ग्लूबॉल शेजारच्या मेसॉनांत, म्हणजे क्वार्क-प्रतिक्वार्क जोड्यांत, मिसळतो आणि कोणता एक ‘तो’ हे ठामपणे सांगता येत नाही. म्हणून तीन गोष्टी एकत्र तपासाव्यात. क्षयातील कणांच्या कोनीय वितरणावरून स्पिन ठरवावा. ग्लुऑनला विद्युतप्रभार नसल्याने, दोन फोटॉनांच्या टकरीतून तो कण अत्यल्प प्रमाणात निघतो का ते पाहावे. आणि पायॉन, केऑन व ईटा या हलक्या मेसॉनांत तो किती प्रमाणात मोडतो याची तुलना करावी. १५०० हा कण केऑनांपेक्षा पायॉनांत अधिक मोडतो, १७१० मात्र उलट केऑनांकडे झुकतो, आणि जे/सायच्या क्षयात तो विपुल मिळतो. माझ्या मते विद्यार्थ्याने सर्वाधिक वेळ या तुलनेला द्यावा, कारण वाद येथेच आहे.

मिसळण्याची अडचण कमी असलेला दुसरा उमेदवार म्हणजे एक्स(२३७०). बीईएस-३ने तो २०११ साली जाहीर केला आणि २०२४ साली त्याचा स्पिन शून्य व पॅरिटी ऋण असल्याचे दाखवले. त्याचे वस्तुमानही या प्रकारच्या ग्लूबॉलच्या गणनेशी जुळते. तरीही त्यावर शिक्का मारण्याआधी त्याच्या इतर क्षयांची प्रमाणे मोजावी लागतील. कणांची मोजमापे एकत्र करणाऱ्या पार्टिकल डेटा ग्रुपच्या सारण्या मोफत मिळतात. त्यांतून या चारही कणांची वस्तुमाने, क्षय-रुंदी आणि क्षयप्रकार एका तक्त्यात उतरवून घेऊन अभ्यासाला बसावे.